भिंतीवरचा फोटो आणि आमचे ‘बघू’: आपल्या अभिप्रायास उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण दिलेले दोन तारे आणि त्याखालचा सविस्तर अभिप्राय मी दोनदा वाचला, माझ्या सहायिकेलाही वाचून दाखवला. आपला मुख्य आक्षेप असा की १२,००० रुपये घेऊन, साडेतीन तास भट्टीसारख्या तापलेल्या खोलीत बसवून, ज्या एका फोटोसाठी आपण सांगलीला माहेरी आल्यापासून वाट पाहत होता तोच, म्हणजे बाळाने दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकलेला फोटो, आम्ही काढला नाही. शिवाय ‘साध्या खोकल्यासाठी’ आपल्या आईंना बाहेर बसवले, बाळाचा रंग सावळाच ठेवला, फोटो ११ दिवस उशिरा दिले, आणि आजीच्या गोधडीवरचे फोटो तर घरच्या घरी मोबाइलवरही निघाले असते, असे आपण लिहिले आहे. अभिप्राय सर्वांसमोर आहे म्हणून उत्तरही सर्वांसमोर देते. आपण स्वतः लिहिले आहे त्यापलीकडे बाळाविषयी किंवा आपल्या घराविषयी मी काही उघड करणार नाही.

तो फोटो आपण आमच्याच भिंतीवर पाहिला होता, हे खरे आहे. भिंतीवरचे ते बाळ ९ दिवसांचे होते, आणि दिसायला एक असला तरी तो फोटो दोन फोटो जोडून केलेला आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते आणि मानेला ते पेलत नाही, मग मनगटांना कुठून पेलणार? म्हणून एका फोटोत सहायिका वरून बोटांच्या टोकांनी बाळाचे डोके सावरून धरते, दुसऱ्यात खालून दोन्ही मनगटे धरते, आणि नंतर संगणकावर दोन्ही फोटो जोडून तिचे हात पुसले जातात. बाळाला त्या अवस्थेत क्षणभरही कोणी मोकळे सोडत नाही. परंतु हे आम्ही त्या चौकटीवर कुठेही लिहिले नव्हते, आणि नुसता फोटो पाहणाऱ्याला बाळ आपणहून तसे बसले आहे असेच वाटणार. त्या पालकांना विचारून आता त्याच चौकटीत खाली मूळचे दोन्ही फोटो, सहायिकेच्या बांगड्यांसकट, लावले आहेत.

आता आपल्या बाळाविषयी. आपण आलात तेव्हा ते ४१ दिवसांचे होते. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ दिवसाचा बहुतेक वेळ गाढ झोपते आणि पोटात असल्याप्रमाणे हातपाय आखडूनच पडून राहते. फोटोसाठी त्याला वळवले तरी पुष्कळदा जागही येत नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत ते अंग ताणू लागते, झोप सावध होते, आणि दचकून दोन्ही हात फाकवण्याची जन्मजात सवय मात्र अजून गेलेली नसते. आम्ही दोनदा प्रयत्न केला. पहिल्या खेपेस पालथे घालून गालाखाली हात घेतले, तेव्हा मिनिटभरात डाव्या हाताची बोटे जांभळट झाली आणि त्याने पाय ताठ केले, म्हणून लगेच सोडवले. बोटांचा रंग असा बदलणे दर वेळी गंभीर असते असे नाही, पण हात दबला आहे एवढे त्यावरून कळते आणि आम्हाला तेवढे पुरते. दुसऱ्या खेपेस पाजून, ढेकर काढून, दुपट्यात घट्ट गुंडाळून निजवले आणि दुपटे सैल करताच ते दचकून उठले. तिसरा प्रयत्न मी करू दिला नाही. त्यात हनुवटी छातीत रुतून श्वासाची वाट अडण्याची भीती असते, आणि विरोध करणाऱ्या बाळाला दाबून बसवणे हे काम मी कोणत्याही रकमेसाठी करणार नाही. तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

चूक त्याआधीची आहे आणि ती सर्वस्वी आमची आहे. आपण फोनवर बाळाचे वय सांगून ‘तसा फोटो होईल ना?’ असे स्पष्ट विचारले होते, आणि आमच्याकडून उत्तर गेले, ‘आणा, बघू.’ आपल्या भाषेत ‘बघू’ हा फार सोयीचा शब्द आहे. आम्ही तो ‘बहुधा नाही’ या अर्थाने उच्चारला, आपण तो ‘हो’ या अर्थाने ऐकला, आणि त्या भरवशावर ३,००० रुपये आगाऊ भरले. सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर न काढण्याची रीत आपल्याकडील कितीतरी घरांत आहे. काही घरांत सोयराचे पहिले दहा दिवस बाहेरच्या माणसाला बाळाला हात लावू देत नाहीत. हे मला आज कळले असे नाही, मी याच गावची आहे. त्यामुळे असा फोटो हवा असेल तर बारशाच्या आसपास, १२ ते १४ दिवसांच्या दरम्यान, आम्हीच दिवे आणि बीनबॅग घेऊन घरी यावे लागेल, हे आपल्याला आठव्या महिन्यातच सांगायला हवे होते. यापुढे वय ऐकल्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच उत्तर द्यायचे, असे सहायिकेला आणि स्वतःलाही बजावले आहे.

खोलीच्या उकाड्याबद्दल मला तडजोड करता येणार नाही. नवजात बाळ थंडी वाजली तरी मोठ्या माणसासारखे कुडकुडत नाही, आणि वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा विस्तार मोठा असल्याने ऊब भराभर जाते. प्रसूतीच्या खोलीचे तापमान २५ ते २८ अंश असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आम्ही जानेवारीच्या गारठ्यात हीटर लावून उघड्या बाळासाठी २७ अंश राखले होते. उघडे बाळ सुखात राहील अशा उबेत मोठ्यांना घाम येतोच. पातळ कपडे घालून या, असे आधी कळवले असते तर आपल्याला इतका त्रास झाला नसता, हे मान्य आहे.

आपल्या आईंना बाहेर बसवले ते खोकल्यामुळेच. मोठ्या माणसाचा साधा वाटणारा खोकला कधीकधी डांग्या खोकला निघतो आणि तो दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. त्यावरची पहिली लस आपल्याकडे ६ आठवडे पूर्ण झाल्यावर मिळते, म्हणजे त्या दिवशी बाळाला ती मिळालेली नव्हती. परंतु कारण न सांगता एका वडीलधाऱ्या बाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गारठ्यात बसवून ठेवणे आणि साडेतीन तासांत एकदाही त्यांची विचारपूस न करणे याला माझ्याकडे काहीही समर्थन नाही. मी त्यांची क्षमा मागते.

रंगाबाबत मात्र आपले म्हणणे मला पटलेले नाही. कातडीचे सुटणारे पापुद्रे, गालांवरच्या लाल पुटकुळ्या, नवजात बाळाच्या काविळीची उरलेली पिवळी छटा, हे सारे बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप जाणारे असते, म्हणून ते आम्ही फोटोतूनही काढतो. बाळाचा वर्ण काही जाणारा नाही आणि तो उजळून देण्याचे काम आमच्याकडे होत नाही. दुसरीकडे ‘गोरेपान’ करून देतात हे मला माहीत आहे, मला ते आवडत नाही.

गोधडीवरचे फोटो घरीही निघाले असते, हे अगदी खरे आहे. सकाळच्या वेळी खिडकीपासून दोन-तीन हातांवर, उन्हाची तिरीप अंगावर येणार नाही अशा बेताने बाळाला निजवले आणि मोबाइल त्याच्या पायांच्या बाजूने न धरता डोक्याच्या किंचित वरून धरला, तर उत्तम फोटो येतात. तरीही त्यांतला एक आपण पुन्हा पाहावा, अशी विनंती आहे. बाळाने टोपडे घातले आहे, खाली इरकली लुगड्याच्या काठाचा तुकडा आहे, आपला चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर आहे आणि ते आपल्याकडे बघून हसते आहे. माणूस पाहून हसणे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारासच सुरू होते. भिंतीवरच्या ९ दिवसांच्या बाळाकडून तो फोटो मिळाला नसता.

इतरांनी दुसरा फोटोग्राफर शोधावा, असे आपण शेवटी लिहिले आहे. जरूर शोधावा. या कामासाठी आपल्याकडे कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही, कॅमेरा असला की पाटी लावता येते, म्हणून आमच्यासकट कोणाकडेही जाताना भिंतीवरच्या एका फोटोवर बोट ठेवून ‘हा कसा काढला, बाळाला कोणी धरले होते, बाळ किती दिवसांचे होते’ एवढे विचारावे. दुपटी कशात धुतात, फोटोग्राफरला सर्दी झाली तर तारीख बदलतात का, बाळ रडू लागले की काय करतात, हेही विचारावे. उत्तर देताना समोरचा माणूस ‘बघू’ म्हणाला, तर तिथून उठावे.

फोटो १५ दिवसांत देण्याचे कबूल करून २६ व्या दिवशी दिले, कारण संक्रांतीनंतरच्या लग्नसराईचे अल्बम मी आधी हातावेगळे केले. हा उशीर आणि फोनवरचे चुकीचे उत्तर या दोन्हींसाठी ४,००० रुपये आपल्या खात्यात परत पाठवले आहेत. त्यासाठी अभिप्राय बदलावा किंवा काढावा अशी अपेक्षा नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारेच असतात, असे १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो, आणि आपला-आमचा तसा कोणताही करार झालेला नाही. त्यामुळे त्या दिवशीचे सर्व फोटो, न निवडलेले आणि न सुधारलेलेही, पेन ड्राइव्हवर भरून ठेवले आहेत. आपण पुण्याला परतला असाल तर पत्ता कळवावा, कुरिअरने पाठवते. आपल्या आई येणार असतील तर सोमवार सोडून कधीही याव्यात. त्यांच्या गोधडीचा एक मोठा प्रिंट त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेवला आहे, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.