ग्रंथपालांना संपादक मंडळात घ्या

आपल्याकडे कॉलेजचं संशोधन नियतकालिक ऑनलाइन काढायचं ठरलं की बैठकीला प्राध्यापक असतात, प्राचार्य असतात, डीटीपीवालाही असतो. ग्रंथपालांना मात्र बहुतेक वेळा अंक तयार झाल्यावर फोन जातो, 'मॅडम, एवढं वेबसाइटवर टाका.' मला हे मनापासून खटकतं.

समजा, सांगलीतल्या एखाद्या प्राध्यापकांनी हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवर, उत्तम लेख लिहिला. संपादकांनी भाषा तपासली, तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेतलं. पण मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. पीडीएफमध्ये आपल्याला 'हळद' नीट वाचता येते, संगणकाच्या लेखी मात्र ती भलतीच अक्षरं असतात. मग शोधणाऱ्याला लेख सापडणार कसा? सूचक शब्दांचंही (लेख शोधायला लागणाऱ्या कीवर्ड्सचंही) तेच. लेखक 'कृषी' आणि 'साठवण' लिहून मोकळे होतात. ग्रंथपाल आधीपासून सोबत असतील तर 'पेव', 'हरिपूर', 'राजापुरी हळद' हे शब्द घालायला लावतील, कारण वाचक काय विचारत येतो हे त्या रोज ऐकतात. लेखकाचं नाव प्रत्येक अंकात वेगळ्या स्पेलिंगनं छापलं जातं, तिथे ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची स्वतःची कायमची ओळख, घ्या म्हणून आग्रहही त्याच धरतील.

डीओआय (DOI), म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणारा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, त्याबद्दल तर मोठा गैरसमज आहे. क्रमांक घेतला म्हणजे लेख कायमचा सुरक्षित झाला, असं नाही. वेबसाइटचा पत्ता बदलला की नोंदही बदलावी लागते. ते काम कुणाचं, हे पहिल्याच बैठकीत ठरायला हवं.

हे सगळं आपल्या मातीला नवीन नाही. साताऱ्याच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, पहिला खंड १९७६ मध्ये आला. लेखक ठिकठिकाणचे, संपादन वाईत, आणि परिभाषा, नोंदींची लांबी, संदर्भ यांची शिस्त सगळ्यांना एकच. आज तोच विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो, याचा मला खूप अभिमान आहे.

पैशांची सबब मला अर्धीच पटते. ओपन जर्नल सिस्टम्स ही प्रणाली मोफत आहे. लेख येण्यापासून परीक्षण आणि प्रकाशनापर्यंतचं सगळं काम तिच्यात होतं. डीओआयला वार्षिक वर्गणी लागते, हे खरं. पण सातारा-सांगलीतल्या चार-पाच कॉलेजांनी मिळून एकच नियतकालिक काढलं तर ती कुणालाच जड जाणार नाही. पुढच्या अंकाची बैठक ठरवताना एवढं तरी करा: ग्रंथपालांचं नाव संपादक मंडळात छापा, आणि लेख मागवण्याआधी त्यांच्याकडून लेखकांसाठीच्या सूचना लिहून घ्या.