सवलत दहावीला मिळते, वाचायला कधी शिकवणार?

दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली की पालकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, एलडीचं सर्टिफिकेट कुठे मिळेल?" एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता. महाराष्ट्रानं १९९६ मध्येच ती असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही ही अक्षमता आली. जादा वेळ, लेखनिक हे या मुलांच्या हक्काचं आहे, आणि त्याला कुणी 'फुकटचे मार्क' म्हटलं की मला संताप येतो. पण पंधरा वर्षांच्या मुलाला जादा वेळ दिला म्हणून त्याला वाचता येऊ लागत नाही. ते काम पहिली-दुसरीत व्हायला हवं होतं. तेव्हा त्याच्या वाट्याला काय आलं? 'आळशी आहे', 'लक्ष देत नाही' हे शेरे, आणि तोच धडा पुन्हा पुन्हा लिहून आणायची शिक्षा.

डिस्लेक्सिया ही यातलीच वाचनाची अक्षमता. ती असलेल्या मुलाची बुद्धी कमी नसते. शब्दातले आवाज सुटे करणं आणि त्यांची अक्षरांशी गाठ घालणं, इथे त्याचं अडतं. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन हे मेंदूतज्ज्ञ आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षणतज्ज्ञ यांच्या कामातून १९३० च्या दशकात अशा मुलांसाठी एक पद्धत उभी राहिली. ठरलेला क्रम, एका वेळी एकच नवी गोष्ट, रोज मागची उजळणी, आणि पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. जोडीला पाहणं, म्हणणं, ऐकणं, वाळूत बोटानं गिरवणं एकत्र.

आपण त्यातली वाळू तेवढी उचलली! मीही ताटात रवा पसरून गिरवायला लावते, मुलांना ते आवडतं. पण संशोधनाचा भक्कम आधार आहे तो अक्षर आणि आवाज क्रमानं, उघड करून शिकवण्याला. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांना तर तसा पुरावाच नाही; अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये तसं संयुक्त निवेदन काढलं होतं. तरी पालक त्यावर पैसे घालवत राहतात, कारण शाळेत दुसरं काही मिळत नाही.

आणि इंग्रजीसाठी आखलेला क्रम मराठीला जसाच्या तसा चालत नाही. आपली अडचण वेगळी आहे. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते, आवाज मात्र 'क' च्या नंतर येतो. म्हणून मी दुसरी वेलांटी आधी घेते, पहिली बरीच नंतर. 'सूर्य' मधला 'र' ऐकू येतो 'य' च्या आधी आणि बसतो त्याच्या डोक्यावर. 'चक्र' मध्ये तोच पायाशी जातो, 'राष्ट्र' मध्ये त्याचं रूप वेगळं, 'दुसऱ्या' मध्ये आणखी वेगळं. हे चारही एकाच आठवड्यात उरकले की मूल हात टेकतं.

ग म भ न हा आपला जुना गट हाताच्या वळणाला चांगला, पण त्यात भ आणि म शेजारी येतात, आणि नेमकी याच जोडीत या मुलांची गफलत होते. घ-ध, थ-य चंही तसंच. मी ग, म, न, र, स घेते आणि लगेच काना. एवढ्यावर मूल 'नाना, रस मागा' हे आख्खं वाक्य वाचतं. चित्र बघून अंदाज नाही, पाठांतर नाही, स्वतः वाचतं. बाराखडी घडाघडा म्हणणारी पण सुटा 'की' समोर धरला की गप्प होणारी कितीतरी मुलं मी पाहते. घरच्यांना वाटतं, येतंय त्याला.

हे सगळं वर्गशिक्षकाच्या माथी मारून चालणार नाही. भरलेल्या वर्गात अभ्यासक्रम संपवायचा, वर शाळेबाहेरची कामं. डी.एल.एड. ही शिक्षकाची पदविका करतानाच मराठी वाचनाचा असा क्रम प्रत्यक्ष मुलांसोबत करून घेतला पाहिजे, आणि तीन-चार मुलांच्या गटाला रोज वेळ देणारा विशेष शिक्षक शाळेतच हवा. शनिवारचा एक तास पुरत नाही. पुढच्या शनिवारपर्यंत निम्मं पुसलेलं असतं.

डिस्लेक्सियाचं निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास होतं. शिकवायला तोवर थांबायची गरज नाही. पहिली संपताना मूल काना असलेले साधे शब्द वाचत नसेल तर शाळेत जाऊन विचारा, याला कोणत्या क्रमानं शिकवताय आणि आत्ता तो कुठवर आलाय.