खड्ड्यात ते जनावर कशासाठी पुरलं?

आधीच सांगते, ‘दृश्यम’चे दोन्ही भाग ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी इथूनच मागे फिरावं. पुढे सगळं फोडलंय. (२०१५चा सिनेमा अजून बघायचा राहिला असेल तर धन्य आहे तुमची.)

दर २ ऑक्टोबरला आमच्या फॅमिली ग्रुपवर भाचा सकाळी सात वाजता तोच जोक टाकतो, “आज पणजीला सत्संग, कोण कोण येतंय?” त्यावर आत्या न चुकता हात जोडलेली इमोजी पाठवते, कारण तिला तो सत्संग खराच वाटतो. (सिनेमातलं कुटुंब त्या दिवशी कुठे होतं, याचं त्यांनी पढवून ठेवलेलं उत्तर म्हणजे हा सत्संग.) यंदा सुट्टी म्हणून सगळे दादाकडे जेवायला जमलो होतो. मसालेभात, जिलबी, मग टीव्ही, आणि टीव्हीवर दुसरं काय लागणार? अर्धा सिनेमा झाला नाही तोच दादा आणि मी भांडत होतो. रात्री घरी आले तरी ग्रुपवर भांडण चालूच. म्हणून म्हटलं, एकदाचं इथे लिहून मोकळी होते.

दादाचा पक्ष साधा आहे. विजय साळगावकर हीरो. मोठ्या लेकीच्या, अंजूच्या, हातून एक पोरगा मारला जातो आणि विजय ते पोलिसांपासून लपवतो. चौथी नापास केबलवाला माणूस, सगळं शिक्षण सिनेमे बघून झालेलं, आणि आख्ख्या पोलिस खात्याला नाचवतो. बापानं काय करायला हवं होतं मग? पोरीला तुरुंगात पाठवायचं? एवढं बोलून दादा खुर्चीत मागे रेलतो, म्हणजे खटला संपला.

मी एका सीएच्या ऑफिसात व्हाउचर तपासते. अठरा वर्षं. तारखा आणि बिलं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे या सिनेमातला तारखांचा खेळ मला इतरांपेक्षा जरा जास्तच आवडतो. तिकिटं आणि बिलं एका दिवसाची, घरच्यांना घेऊन केलेली सहल नंतरची, आणि मग गप्पा मारता मारता कंडक्टर, हॉटेलवाला, थेटरातला प्रोजेक्टरवाला यांच्या डोक्यात ती सहल मागे सरकवून ठेवायची. यातला कुणीच खोटं बोलत नाही. त्यांनी या कुटुंबाला खरंच पाहिलेलं असतं, फक्त वार चुकलेला. भाचा म्हणतो हे अशक्य आहे. अरे बाबा, माझ्याकडे ये. पावभाजी कुठे खाल्ली, कोण समोर बसलं होतं, बिल कुणी दिलं, हे माणसाला सालोसाल आठवतं. कोणत्या तारखेला, हे विचारलं की तो कॅलेंडरकडे बघतो. त्या वेळी शेजारून कुणी सहज “गांधी जयंतीच्या सुट्टीला नाही का,” म्हणालं की झालं, तारीख चिकटली. विजयनं केलं ते एवढंच. दिवस निवडावा लागला नाही, तो नशिबानं सुट्टीचा निघाला, म्हणून खुंटीही आयती मिळाली.

आणि मीराला, म्हणजे त्या मेलेल्या पोराच्या पोलिस अधिकारी आईला (तब्बू काय दिसलीय त्यात, काय बोललीय!) संशय येतो तोही आमच्या धंद्यातला संशय आहे. चौघांची उत्तरं तंतोतंत जुळतात म्हणून. ज्या फायलीत एकही खाडाखोड नाही ती मी दोनदा बघते.

तर खेळ अफलातून आहे, वाद त्यावर नाही. वाद पुढच्या एका गोष्टीवर झाला, आणि मला वाटतं इतक्या वर्षांत कुणी ती नीट बोललेलंच नाही.

अंगणातला कंपोस्टचा खड्डा.

क्रम आठवा. त्या रात्री विजय घरी नसतो, ऑफिसात सिनेमे बघत बसलेला असतो. सॅम, मीराचा मुलगा, येतो, मोबाइलमधल्या व्हिडिओवरून अंजूला धमकावतो, तिची आई नंदिनी हातापाया पडते तर तिच्याकडेच वळतो, आणि अंजूच्या हातून रॉड बसतो. प्रेत खड्ड्यात पुरतात त्या मायलेकी. विजयला कळतं ते सकाळी. (हे दादाला आठवतच नव्हतं. त्याच्या डोक्यात सगळं विजयनंच केलेलं.) आणि मायलेकी पुरत असताना खिडकीतून धाकटी अनू बघते.

आता पुढे. पोलिस चौघांना उचलतात. गायतोंडे, म्हणजे आपला कमलेश सावंत, ज्याला त्या भूमिकेत बघून आमची आत्या अजून कडाकडा बोटं मोडते, तो सगळ्यांना मारतो. शेवटी लहानग्या अनूला. आणि अनू फुटते. खड्डा दाखवते. गाव जमलेलं, मीडिया जमलेला, खणतात. आत मेलेलं जनावर.

थेटरात इथे शिट्ट्या पडल्या होत्या. मीही टाळ्या वाजवल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण यंदा दादाच्या सोफ्यावर बसून तोच सीन बघताना माझ्यातली व्हाउचरवाली जागी झाली. विजयनं प्रेत आधीच दुसरीकडे हलवलं, ठीक आहे. मग खड्डा नुसता बुजवून चाललं असतं. त्यात जनावर कशासाठी? कारण कधीतरी तो खणला जाणार हे विजयला माहीत होतं. माती ताजी का, वास का, या प्रश्नांचं उत्तर त्यानं आधीच पुरून ठेवलं होतं. आणि खड्डा खणला जाणार म्हणजे कुणीतरी तो दाखवणार. कोण दाखवणार? नंदिनी नाही, अंजू नाही. त्या मोडल्या असत्या तर स्वतःच अडकल्या असत्या. चौघांतलं सगळ्यात लहान, सगळ्यात आधी तुटेल असं कोण होतं?

म्हणजे बापाच्या हिशोबात लेकीला मार बसणार हे धरलेलं होतं. तशी नोंद होती.

मी हे म्हटल्यावर दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. “तू कुठलं कुठे नेतेस,” म्हणाला. वहिनी मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात तसंच उलथनं, आणि म्हणाली, “वन्सं, बरोबर बोलताय.” वहिनी माझ्या बाजूनं आठ-दहा वर्षांतून एकदा बोलते, म्हणून नोंदवून ठेवते.

दादाचं म्हणणं, ही खबरदारी होती, बेत नव्हता. घराला आग लागेल म्हणून विमा काढणारा माणूस आग लावत नाही. चांगला मुद्दा आहे, कबूल. विजय काही गायतोंडेला जाऊन सांगत नाही की पोरीला मार. तो तिला शिकवतो, पढवतो, धीर देतो. तरीसुद्धा. ज्या क्षणाला ती तुटते तो क्षण त्याच्या योजनेतला तोटा नाही, फायदा आहे. अनू शेवटपर्यंत गप्प राहिली असती तर खड्डा खणला गेला नसता, गावासमोर पोलिस तोंडघशी पडले नसते, गायतोंडे निलंबित झाला नसता आणि मीरानं राजीनामाही दिला नसता. या कुटुंबाची सुटका झाली ती अनू फुटल्यामुळे.

आणि त्या पोरीकडून बघा जरा. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. मार खाऊन खाऊन शेवटी खरं सांगितलं. आणि जमिनीनंच तिला खोटं पाडलं. घरी गेल्यावर तिला कुणी काय सांगितलं असेल? विजय तर बायकोलाही सांगत नाही प्रेत कुठे आहे. तुम्हाला माहीतच नसेल तर तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही, असा त्याचा हिशोब. डोकं लावलंय, मान्य. पण ज्या कुटुंबासाठी सगळं चाललंय त्याच्यावर त्याचा काडीचा भरवसा नाही, हेही त्याच वाक्यात आलं.

“मग त्यानं करायचं काय होतं?” हा दादाचा ब्रह्मास्त्र प्रश्न. पोलिसांत जायचं. मी हे बोलले आणि सगळी खोली हसली. बरं, हसा. पण कायदा काय म्हणतो ते तरी बघा. बलात्काराच्या इराद्यानं हल्ला झाला तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा धरत नाहीत. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम १०० होतं, आता न्याय संहितेत ३८ आहे. शाळकरी मुलीचा आंघोळीचा व्हिडिओ काढून धमकावणं यासाठी पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ पासून आहे. अंजू कोर्टात उभी राहून म्हणू शकली असती की मी स्वतःला आणि आईला वाचवलं.

यावर आत्या म्हणाली, आणि आत्याचं म्हणणं मला खोडता येत नाही, “अगो, त्या पोराची आईच पोलिसांची मोठी साहेब. आणि ठाण्यात बसलेला कोण, तर तो गायतोंडे. कलम घेऊन कोणाच्या दारात जायची ती पोर?” खरं आहे. सिनेमा पहिल्या अर्ध्या तासात, मार्टिनच्या टपरीवर, तेच तर दाखवतो. ठाणं समोर, चहा इकडे, आणि गायतोंडेची दादागिरी गावानं गिळून टाकलेली. अशा ठिकाणी कलम १०० वाचून दाखवणारी मी शहाणीच म्हणायची. शिवाय विजय पोचला तेव्हा पुरून झालेलं होतं, पुरावा लपवण्याचा गुन्हा आधीच घडलेला.

म्हणजे मी दादाच्या बाजूला गेले का? नाही. विजयला दुसरा रस्ता नव्हता हे मी मान्य करेन, पण त्या रस्त्याची किंमत त्यानं भरली असं म्हणू नका. दुसऱ्या भागात सात वर्षांनी काय दिसतं? साहेबांचं स्वतःचं थेटर झालंय, सिनेमा काढायचं चाललंय. अंजूला पोलिस दिसले की झटके येतात. स्वतःला वाचवणाऱ्या मुलीला कुणी ‘तू वाचवलंस’ म्हटलंच नाही, कारण तसं म्हणायलाही ते घडलं होतं असं मानावं लागतं.

आणि नंदिनी! दुसरा भाग आला तेव्हा नंदिनीला किती शिव्या पडल्या आठवतंय? शेजारणीपाशी बोलली म्हणून. “बायकांच्या पोटात काही राहत नाही,” हे वाक्य तर आमच्या ऑफिसातल्या एका सद्गृहस्थांनी डब्याच्या वेळी तीनदा म्हटलं. अहो, सात वर्षं राहिलं की! नवरा घरात नाही, नातेवाइकांशी बोलायची सोय नाही, गावात कुजबुज. पहिलं माणूस मायेनं बोललं तिच्याशी, ती पोलिसांची निघाली. तुम्ही सात दिवस ठेवून दाखवा. विजय गप्प राहतो ती हुशारी, नंदिनी बोलते तो दोष, हा न्याय मला पटत नाही.

खरं सांगायचं तर दुसरा भाग मला पहिल्याइतका भावला नाही. ट्विस्ट जबरदस्त आहे, सांगाडा बदलणं, पटकथा आधीच लिहून छापून ठेवणं, सगळं. पण पहिल्या भागातला विजय घाबरलेला माणूस होता, एका रात्रीत जमेल तसं जुळवणारा. दुसऱ्यात तो सात वर्षं पुढचं बघणारा देवच होतो. देवाची काळजी कोण करतं?

पहिल्या भागाचे दिग्दर्शक निशिकांत कामत असते तर दुसरा भाग कसा झाला असता हा माझा जुना चाळा. २०२०च्या ऑगस्टमध्ये गेले ते. आम्हा डोंबिवलीकरांना त्यांचा ‘डोंबिवली फास्ट’ पाठ. २००५चा. तिथेही साधा माणूस, व्यवस्थेवरचा विश्वास उडालेला, पण माधव आपटे बॅट घेऊन रस्त्यावर उतरतो आणि शेवटी जिवानिशी जातो. दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाचा दुसरा साधा माणूस पावत्या गोळा करतो आणि सुटतो. मूळ मल्याळम सिनेमाची गोष्ट जीतू जोसेफची, इडुक्कीच्या जॉर्जकुट्टीची, हे मान्य, तरी हे दोघं एका घरातले वाटतात मला.

आणि एक गंमत. याच गोष्टीचा चिनी सिनेमा २०१९ मध्ये आला, थायलंडमध्ये घडणारा. त्यात बाप शेवटी स्वतःहून गुन्हा कबूल करतो. दादाला सांगितलं तर म्हणाला, “त्यांच्याकडे सेन्सॉर कडक असतं.” असेलही. पण सेन्सॉरमुळे का होईना, तिथल्या लेकीनं बापाला खरं बोलताना पाहिलं.

तिसऱ्या भागात प्रेताचं आणखी काय करतात याची भाच्याला फार उत्सुकता आहे. मला एकच सीन द्या. अनू मोठी झालीय, ती बापाला विचारतेय, खड्ड्यात जनावर कधी ठेवलंत? मला मारायच्या आधी ना? बाप काय उत्तर देतो ते मला बघायचंय. कॅमेरा अनूवर ठेवा.

दादा, तू हे वाचणार, आणि लाइक न करता वाचणार, माहितेय मला. रविवारी येतेय. वहिनीला स्वयंपाकातून सुट्टी दे, पावभाजी बाहेरून मागव, आणि बिल जपून ठेव. तारीख मी बघणार आहे.