'हात मेलेत' म्हणणाऱ्या सरांना उत्तर

भूल देताना अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी) वापरण्याबद्दल, म्हणजे सुई कुठे जातेय आणि पोट रिकामं आहे का ते मशीनवर बघण्याबद्दल, मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर एका सीनियर भूलतज्ज्ञांची कमेंट आलीये. नाव लिहिलेलं नाही, ३५ वर्षांची प्रॅक्टिस मात्र लिहिलीये. कमेंट अशी: "बाई, तुमच्या पिढीचे हात मेलेत, डोळे स्क्रीनला चिकटलेत. आम्ही आयुष्यभर बोटांनी ब्लॉक दिले. खेड्यातल्या दोन टेबलांच्या हॉस्पिटलने मशीन आणायचं कुठून, पीसीपीएनडीटीची कटकट कोणी सोसायची आणि खर्च शेवटी पेशंटच्याच बिलात ना? लेख कंपनीची जाहिरात वाटतो." (ब्लॉक म्हणजे नसांभोवती, मज्जातंतूंभोवती, सुईने औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणं. पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा, अल्ट्रासाउंडचं मशीन त्याच्याखाली येतं.)

सर, आधी त्या 'बाई'बद्दल. माझ्या जागी एखादा पुरुष डॉक्टर असता तर तुम्ही 'अहो डॉक्टर' लिहिलं असतं, हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही. मतभेद असू शकतो, ज्या सुरात तो मांडला तो सूर मला लागलाय, आणि लागला नाही असं दाखवायची मला गरज वाटत नाही.

एक गोष्ट मान्य करते. सरळ पाठ असलेल्या तरुण पेशंटला स्पायनल (पाठीत सुई घालून कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल) द्यायला मशीन लागत नाही, तिथे बोटांनी मणक्यांमधली जागा मिळतेच, मीही तशीच देते.

आता 'हात मेलेत'. मी गव्हर्नमेंट कॉलेजात शिकले, तिथे आमच्या वेळी ऑपरेशन थिएटरात मशीन नव्हतंच. कॉलरबोनच्या वरचा ब्लॉक मी पल्स चाचपडून, सुई आत घालून आणि "बोटात करंट आला का?" असं पेशंटला विचारत शिकलेय. करंट आला म्हणजे सुई नसेला टेकली, आला नाही तर सुई मागे घ्यायची, थोडा कोन बदलायचा, परत विचारायचं. उसाच्या चरकात हात गेलेला माणूस, हाडं उघडी पडलेली, तो कळवळतोय आणि आपण त्याला करंट विचारतोय, हे मी केलंय, माझ्या हातांनी केलंय. त्यामुळे बोटांचं काम मला कोणी शिकवू नये. आणि त्याच जागी, सुईच्या टोकापासून फार लांब नाही, फुप्फुसाचं आवरण असतं. रेसिडेन्सीत असताना असाच एक ब्लॉक झाल्यावर पेशंटला धाप लागायला लागली, एक्स-रेत न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) निघाला, छातीत नळी घालावी लागली. ब्लॉक देणारा माणूस अनुभवी होता, हात उत्तम होता. हात उत्तम असून सुईचं टोक कुठंय ते त्याला दिसत नव्हतं, बस एवढंच.

आज त्याच जागी प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) ठेवला की सबक्लेव्हियन आर्टरी उडताना दिसते, तिच्या बाजूला द्राक्षाच्या घडासारख्या नसा दिसतात, खाली पहिली बरगडी आणि प्लुरा, म्हणजे तेच फुप्फुसाचं आवरण, दिसतो, सुई शेजारून आत सरकताना दिसते आणि औषध नसांभोवती पसरतंय का तेही दिसतं. औषध कमी लागतं, म्हणजे ब्यूपिव्हाकेन (बधिर करायचं ते औषध) रक्तात जास्त जाऊन हृदयावर आघात व्हायची भीतीही कमी. पण हे आपोआप होत नाही सर. सुईचं टोक प्रोबच्या पातळ किरणात धरून ठेवायचं तर दोन्ही हातांना शिकावं लागतं, टोक हरवलं की थांबायचं, उगाच पुढे ढकलायचं नाही. याला हात मेले म्हणायचं?

आणि 'तुमची पिढी' कुठून आली यात? व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी कॉलरबोनच्या वरच्या या ब्लॉकसाठी अल्ट्रासाउंड वापरून पेपर छापला तो १९९४ साली. ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे नियम सांगणाऱ्या सरकारी संस्थेने मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन (हृदयाजवळ पोचणारी नळी) घालताना अल्ट्रासाउंड वापरा म्हणून सांगितलं २००२ मध्ये. तेव्हा मी एमबीबीएसलाही नव्हते, तुम्ही मात्र भर प्रॅक्टिसमध्ये होतात. हे नव्या पोरांनी काढलेलं फॅड नाही, तुमच्याच डोळ्यांसमोर आलेलं शास्त्र आहे, तुम्ही घेतलं नाहीत तर तो तुमचा निर्णय.

कंपनीच्या जाहिरातीबद्दल मी उत्तर देणार नाही, लेखात एकाही कंपनीचं नाव नाही, परत वाचा. खर्चाचं म्हणाल तर मी ब्लॉकला प्रोबचे वेगळे पैसे लावत नाही. पीसीपीएनडीटीचं म्हणाल तर रजिस्ट्रेशन लागतं, पोर्टेबल मशीन गाडीत टाकून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात नेता येत नाही, आपल्यासारख्या फिरत्या भूलतज्ज्ञांची त्यात अडचण होते, हे सगळं मी रोज भोगते, त्यावर वेगळं लिहीन. आणि असा कायदा का लागतो तेही विसरू नका, २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या.

पण लेखाचा अर्धा भाग पोटाच्या स्कॅनवर होता, त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. रात्री अपघाताचा पेशंट येतो, नातेवाईक "काहीच खाल्लं नाही हो" म्हणतात, आपण उजव्या कुशीवर वळवून जठराच्या खालच्या भागावर प्रोब ठेवतो आणि आत भाकरी-भाताचा गोळा दिसतो. वजनाच्या किलोमागे दीड मिलीपेक्षा जास्त पाणी दिसलं तरी आपण सावध होतो. भूल देताना ते उलटून फुप्फुसात गेलं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ३५ वर्षांचे हात पोटावर ठेवून जठरात किती आहे ते सांगता येतं का? येत असेल तर कसं ते लिहा, मी शिकेन. आणि या वेळी नाव टाकून लिहा.