विमानात डोकं खाली घालायला सांगतात ते मारण्यासाठी नव्हे

नागपूरच्या महाल भागात राहणारी माझी आत्या पुढच्या आठवड्यात विमानाने पुण्याला लेकीकडे जाणार आहे. रात्रभराची रेल्वे आता तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. परवा तिला कुणीतरी एक मेसेज पाठवला आणि तिने लगेच मला फोन केला, "मले कोनी कितीही सांगितलं ना, तरी मी डोकं खाली घालत नाही बापा. मान मोडासाठीच सांगतेत म्हने ते!" इतकी वर्षं मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवतोय, पण माझ्या समजावण्यापेक्षा तिला तो मेसेज खरा वाटतो. म्हणून हे लिहितोय. तो मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने वाचावं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अपघाताच्या वेळी पुढे वाकून बसायला लावतात ते मान मोडून तुम्ही पटकन मरावं, कंपनीची भरपाई वाचावी आणि ओळख पटवायला दात शाबूत राहावेत म्हणून. ऑक्सिजनचा मास्क गुंगी यावी म्हणून. नवी विमानं प्लास्टिकची. ११ए ही एकच सीट सुरक्षित. आणि विमान पडलं की कुणीच वाचत नाही, तेव्हा बाकी सगळं नाटक.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं खोटं त्याच्याच आधारावर उभं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २००१ मध्ये एक अहवाल काढला. १९८३ ते २००० या काळातले तिथल्या प्रवासी विमान कंपन्यांचे ५६८ अपघात त्यांनी तपासले. त्या विमानांत ५३,४८७ माणसं होती आणि त्यातली ५१,२०७ वाचली, म्हणजे ९५.७ टक्के. यात किरकोळ अपघातही मोजलेत, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. म्हणून मंडळाने असे अपघात वेगळे काढले ज्यांत आग लागली, विमानाची मोडतोड झाली आणि माणसं गंभीर जखमी झाली किंवा दगावली, हे सगळं एकत्र घडलं. असे २६ अपघात निघाले आणि त्यांतही ५५.६ टक्के लोक जिवंत राहिले. निम्म्याहून जास्त.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ७ ऑगस्ट २०२० ची कोळिकोडची रात्र आठवा. धावपट्टी ओलांडून विमान खाली कोसळलं, त्याचे तुकडे झाले. आत १९० जण होते. २१ गेले, १६९ वाचले. अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी विमानातल्या २४२ पैकी एकच माणूस वाचला, हेही तितकंच खरं आहे. पण सगळे अपघात तसे नसतात, आणि माणसाने कसं बसावं याचा अभ्यास होतो तो जिथे वाचणं शक्य असतं अशाच अपघातांसाठी.

आता मान मोडण्याचा आरोप. मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच, कारण बाकीचं वाचून माणूस फार तर घाबरेल, हे वाचून तो ऐन वेळी ताठ बसून राहील.

विमान जमिनीवर आदळून थांबतं तेव्हा पट्टा कमरेला धरून ठेवतो, पण डोकं, छाती, हात, पाय त्याच वेगाने पुढे जात राहतात. ताठ बसलेल्या माणसाचं डोकं पुढच्या सीटपर्यंत पोचेस्तोवर मधलं सगळं अंतर वेगाने कापतं आणि आपटतं. आधीच वाकून डोकं पुढच्या सीटला टेकवलेलं असेल, तर आपटायला अंतरच उरत नाही. बर्डीहून निघालेल्या बसमध्ये ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की समोरच्या दांड्याला आधीच टेकलेल्याला काही होत नाही, ताठ बसलेल्याचे ओठ फुटतात. इथे वेग कितीतरी जास्त, तत्त्व तेच.

हे नुसतं तत्त्व नाही. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक बोइंग ७३७ महामार्गाच्या बांधावर आदळलं. १२६ जणांपैकी ४७ मेले. वाचलेल्यांच्या जखमा नॉटिंगहॅमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एकेक करून तपासल्या. वाकून बसलेल्यांना डोक्याच्या इजा कमी झाल्या होत्या. पायांची हाडं मात्र पुष्कळांची मोडली होती, कारण पाय पुढच्या सीटखाली फेकले गेले होते. त्यानंतर बसण्याची पद्धत सुधारली: पावलं जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. लोकांना मारायचं असतं तर त्यांचे पाय वाचवण्यासाठी कुणी एवढा खटाटोप केला असता का?

आणि हे संशोधन तिथेच संपलेलं नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत एफएएची, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेची, प्रयोगशाळा आहे. तिथे रुळांवरच्या गाडीवर विमानाच्या सीट बसवतात, त्यात माणसाएवढे पुतळे बांधतात आणि धक्का देतात. नव्या प्रकारच्या प्रवासी विमानांच्या सीटनी पुढच्या दिशेला १६ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सोळापट धक्का सोसला पाहिजे, असा नियम १९८८ पासून आहे. पुतळ्याच्या डोक्याला, कण्याला, मांडीच्या हाडाला किती मार बसला हे मोजून त्याची मर्यादाही ठरवलेली आहे. याच प्रयोगशाळेने काही वर्षांपूर्वी दाखवून दिलं की नव्या सीटच्या पाठी जुन्यांसारख्या सहज पुढे दुमडत नाहीत. म्हणून हात समोरच्या सीटच्या माथ्यावर ठेवण्याऐवजी खाली, पोटऱ्यांच्या बाजूला ठेवणं बरं. मानेवर किती ताण येतो हे मोजूनच सल्ला बदलला. मान मोडायचा कट म्हणतात तो हा!

केबिन क्रूकडे पाहा. उतरताना तेही स्वतःच्या सीटवर ठरलेल्या पद्धतीनेच बसतात. मागे तोंड असलेले डोकं पाठीला दाबून धरतात. ते काय स्वतःलाच मारायला बसतात?

दातांचं तर बोलूच नये. अहमदाबादला मृतांची ओळख कशी पटवली ते सगळ्या देशाने पाहिलं, नातेवाइकांचे नमुने घेऊन डीएनए जुळवला. ज्यांची माणसं तिथे गेली त्यांच्या हातात हा मेसेज पडला तर त्यांना काय वाटेल, याचा विचार पाठवणाऱ्याने केला नाही.

भरपाईबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. आयुष्यभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उपचारांचा दावा कोर्टात मृत्यूच्या दाव्यापेक्षा मोठा ठरू शकतो. इतपत खरं आहे आणि याच अर्ध्या सत्यावर मेसेज पोसला जातो. पण आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेला मॉन्ट्रियल करार, जो भारताने २००९ मध्ये स्वीकारला, त्यात मृत्यू आणि शारीरिक इजा यांची जबाबदारी एकाच कलमात आहे आणि मर्यादाही एकच. शिवाय कसं बसावं हे विमान कंपनीचा हिशेबनीस ठरवत नाही. ते सुरक्षेच्या सरकारी यंत्रणा आणि वर सांगितलेले डॉक्टर-इंजिनिअर ठरवतात.

मास्कचं सांगायचं तर गुंगी ऑक्सिजनने येत नाही, तो कमी पडल्याने येते. ३५,००० फुटांवर केबिनमधला दाब गेला तर अर्ध्या ते एका मिनिटात माणसाची सुधबुध जाते. मास्कमधला पुरवठा १२-१५ मिनिटांचाच असतो हे मेसेजमधलं वाक्य बरोबर आहे, पण तेवढ्या वेळात पायलट विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतो आणि तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दाराच्या जागी बसवलेला भाग हवेतच निघून पडला, मास्क खाली आले, विमान परतलं. कुणी मेलं नाही.

११ए बद्दल दोनच वाक्यं. अहमदाबादला वाचलेला एकटा माणूस याच सीटवर होता, पण त्या ड्रीमलायनरमध्ये, म्हणजे बोइंग ७८७ मध्ये, ती आणीबाणीच्या दाराला लागून होती, दुसऱ्या विमानात ती तिथे असेलच असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियात जेजू एअरचं विमान भिंतीवर आदळलं तेव्हा वाचलेले दोघे क्रू अगदी शेपटीकडे बसलेले होते. आपल्या रांगेपासून जवळचं दार किती रांगा दूर आहे हे मोजून ठेवणं मात्र खरोखर उपयोगाचं, कारण धुरात दिसत नाही.

आणि प्लास्टिक! ड्रीमलायनरच्या वजनातला जवळपास निम्मा भाग कंपोझिटचा, म्हणजे मुख्यतः कार्बनचे धागे रेझिनमध्ये घट्ट बसवून केलेल्या साहित्याचा आहे. त्याच्या केबिनच्या जमिनीखालच्या काही बीम आपल्या मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बनल्या आहेत. नागपूरच्या पोरांनी हाताळलेला माल हा, त्याला प्लास्टिक म्हणून हिणवताना इथल्याच लोकांना काही वाटत नाही याचं मला वाईट वाटतं. कंपोझिट जळतं, त्याचा धूर वाईट असतो आणि आग विझवणाऱ्यांना तो त्रास देतो, हे खरं. पण २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं असंच कंपोझिटचं एअरबस ए३५० विमान दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं आणि पुढे जळून पार राख झालं. त्याआधी आतले ३७९ च्या ३७९ लोक बाहेर पडले होते. बॅगा मागे सोडून.

पुढे वाकून बसणं सगळ्यांना जमत नाही, हेही सांगतो. ज्यांचे गुडघे किंवा पाठ दुखते, पोट मोठं आहे, गरोदरपण आहे किंवा मांडीवर मूल आहे, त्यांनी बसल्या-बसल्याच क्रूला विचारावं, "मी कसं बसू?" ते दाखवतात. पट्टा पोटावर नको, त्याखाली कमरेच्या हाडांवर घट्ट हवा. समोरच्या कप्प्यातलं कार्ड त्याच विमानाचं असतं, ते एकदा वाचावं. आणि ज्याने हा मेसेज आत्याला पाठवला, त्याने तो सगळ्या ग्रुपवरून आजच काढून टाकावा.