'पास आउट' म्हणजे फक्त बेशुद्ध? हा मेसेज पुढे पाठवू नका

"रेझ्युमेत 'पास आउट' लिहाल तर कंपनीवाले हसतील" हा मेसेज पुण्यातल्या कॉलेजांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या भाचीचा डिप्लोमा नुकताच झाला. तिने मेसेज वाचून रेझ्युमे बदलला आणि धड होतं ते बिघडवून बसली. म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजचं म्हणणं असं: 'पास आउट' म्हणजे फक्त बेशुद्ध पडणं. शिक्षण संपवण्याचा अर्थ भारतीयांनी मनानेच जोडलाय, डिक्शनरीत तो नाही. तेव्हा सगळ्यांनी सरसकट 'ग्रॅज्युएटेड' लिहावं.

एकच अर्थ? वर्गात पेपर वाटणं हेही 'पास आउट'च. त्या अर्थी सर्वनाम मध्ये बसतं: 'पास देम आउट'. 'पास आउट देम' चूक.

डिक्शनरीत नाही? ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी उघडून बघा. लष्करी संस्थेतलं प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं, हा अर्थ तिथे ब्रिटिश वापर म्हणून दिलेला आहे. आणि पुणेकराला डिक्शनरी तरी कशाला हवी? खडकवासल्याच्या एनडीएत वर्षातून दोनदा, खेत्रपाल मैदानावर, तीन वर्षं पूर्ण केलेल्या कॅडेटांची 'पासिंग आउट परेड' होते.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. ब्रिटिश वापर लष्कर-पोलिसांच्या प्रशिक्षणापुरता आहे. साध्या कॉलेजला तो लावणं आणि '2024 पासआउट' असं नाम करणं ही आपल्याकडची पद्धत. अमेरिकन माणसाला आधी बेशुद्धीच आठवेल. परदेशी अर्जात टाळा. इथल्या नोकरीच्या जाहिरातीच तसं लिहितात, त्यामुळे इथे कुणी हसणार नाही.

खरं नुकसान त्या 'सरसकट ग्रॅज्युएटेड'ने होतं. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधर. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा ही पदविका, पदवी नव्हे. डिप्लोमावाल्याने 'ग्रॅज्युएटेड इन 2024' लिहिलं की वाचणारा त्याला पदवीधर धरतो. मग कागदपत्रं तपासताना पदवीचं सर्टिफिकेट मागतात, ते नसतं, आणि मुलाने खोटी माहिती दिली असं दिसतं. 'पास आउट' लिहून फार तर इंग्रजी कच्चं वाटलं असतं. इथे थेट सचोटीवर शंका येते. अमेरिकेत हायस्कूल संपवणाऱ्यालाही हा शब्द चालतो, पण तो हिशोब इथल्या फॉर्मला लागू नाही.

त्यातून मेसेजमधलं नमुना वाक्य 'आय ग्रॅज्युएटेड माय कॉलेज'! मधला 'फ्रॉम' गाळून शिकवणी चाललीय.

पदवी असेल तर 'ग्रॅज्युएटेड फ्रॉम' आणि कॉलेजचं नाव. डिप्लोमा असेल तर 'कम्प्लिटेड अ डिप्लोमा इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग, 2024'. बारावीला 'पास्ड' पुरे, पुढे 'आउट' नको.

आणि गोंधळाची भीती असेल तर पुढचा शब्द बघा. 'शी पास्ड आउट ड्युरिंग द एक्झाम' म्हणजे पेपर चालू असताना तिला भोवळ आली. 'शी पास्ड आउट फ्रॉम द अकॅडमी' म्हणजे तिचं प्रशिक्षण पूर्ण झालं.