ट्रक कॅम्पर घेताय? आधी मडकं वाजवून बघा

गेल्या महिन्यात आमच्या कॅम्परचा फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय. "केवढ्याला पडला? आम्हीही घ्यावा म्हणतोय." प्रत्येकाला वेगळं लिहून बोटं दुखली, म्हणून एकदाच इथे लिहिते. पोस्ट लांबलीये, चहा घेऊन बसा.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं. ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवायची खोली. झोपायची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर. मागे शेगडी, फ्रिज, बेसिन आणि मोठा असेल तर संडास-मोरीसुद्धा. फिरून आलं की चार कोपऱ्यांचे जॅक खाली सोडायचे, खालून ट्रक काढून घ्यायचा आणि सोमवारी तोच ट्रक घेऊन ऑफिसला जायचं. आम्ही ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळ राहतो. इथल्या जंगलातल्या अरुंद रस्त्यांवर ट्रेलर ओढत न्यायचा आणि मग वळवायचा, त्यापेक्षा हे बरं, असं नवऱ्याने तीन वर्षं माझ्या डोक्यात भरवलं.

आता किंमत. छप्पर वर उचलायचं आणि बाजूला कापडी भिंती, असे पॉप-अप प्रकार साधारण २०-३० हजार डॉलरपासून पुढे. पक्क्या भिंतींचा मध्यम कॅम्पर नवा घ्यायचा तर ४०-६० हजार. भिंती बाहेर सरकणारे, सोफा वगैरे असलेले पाहिजेत तर लाखाच्या आसपास. यात ट्रक नाही बरं का! ट्रक तुमचा तुम्ही आणायचा, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिल्या डीलरकडे गेलो तेव्हा सेल्समनने आमच्या हाफ-टन पिकअपकडे (हे ट्रकच्या वर्गाचं नाव, वन-टन म्हणजे त्याहून दणकट) नजर टाकली आणि म्हणाला, आरामात नेईल. माझी मुलगी दाराशी खेळत होती, तिने मोठ्याने वाचून दाखवलं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. आमचा आकडा १,६४०, म्हणजे साधारण ७४५ किलो. दाखवत होते त्या कॅम्परचं माहितीपत्रकातलं वजन १,७०० पौंड. तेही 'कोरडं'. कोरडं म्हणजे पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही, टपावरचा एसी नाही. ३० गॅलन पाण्याचेच २५० पौंड होतात. बाकीचं आणखी सव्वादोनशे धरा. आम्ही तिघं मिळून ४३०. बेरीज २,६०० च्या वर गेली, आणि अजून कुकर, पांघरुणं, तांदूळ गाडीत चढलेच नव्हते.

सेल्समन म्हणाला, सगळे असंच नेतात, मागे एअरबॅग बसवा, म्हणजे मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या. एअरबॅगने ट्रकचा मागचा भाग वर उचलला जातो, एवढंच. ब्रेक, ॲक्सल, टायर तेच राहतात आणि स्टिकरवरचा आकडाही. दुसरी एक मजा सांगते. ट्रक जितका महागडा, तितका हा आकडा बहुधा कमी. चामड्याच्या सीटा, काचेचं छत, डिझेल इंजिन, सगळ्याचं वजन त्या उचलीतूनच वजा होतं. साधा, कापडी सीटांचा वन-टन ट्रक जे उचलतो, ते लाखाच्या चकाचक ट्रकला झेपेलच असं नाही.

त्या उन्हाळ्यात बाबा आले होते. बाबांची उभी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये गेली, बसच्या बॉड्या बांधण्यात. त्यांना डीलरकडे नेलं तेव्हा फ्रिज, टीव्ही, निळे दिवे यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आधी बाहेरून चारही कोपऱ्यांवर बोटाच्या पेराने टकटक केलं, मडकं वाजवून घेतात तसं. मग आतलं एक कपाट उघडून डोकं खुपसलं. बाहेर आले आणि म्हणाले, "अगं, हे सगळं स्टेपलवर उभं आहे. खड्ड्यातून वर्षभर गेलं की हे सांधे बोलायला लागतील. मग पाणी."

सेल्समनने हसून विचारलं, ते काय म्हणतायत? मी म्हटलं, त्यांना आवडलं.

पण बाबा बरोबर होते. अमेरिकेतले बहुतेक आरव्ही (ट्रेलर, कॅम्पर अशी सगळी फिरती घरं) इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या परिसरात बनतात आणि तिथल्या बऱ्याच कारखान्यांत मजुरी नगावर असते. हे ऐकल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मग घाई होणारच." २०२१ मध्ये कोविडमुळे सगळ्यांना एकदम जंगलात जायचं होतं, तेव्हा या धंद्याने ६ लाखांवर आरव्ही बाहेर काढले. त्या काळातला सेकंडहँड माल घेणार असाल तर दुप्पट वेळ टकटक करा. चौकट लाकडी असेल आणि एका स्क्रूच्या भोकातून ओल शिरली, तर लाकूड आतून कुजतं, वरचा पातळ पत्रा सुटतो आणि भिंतीला फुगा येतो. तो फुगा दिसेपर्यंत आतलं निम्मं गेलेलं असतं.

म्हणून माझं मत असं, की डीलर जे शेवटी सांगतो (वजन आणि बांधणी) ते आधी बघा आणि जे आधी दाखवतो त्याकडे दुर्लक्ष करा. २५ हजारांचा कॅम्पर घ्या की ८० हजारांचा, आतला फ्रिज, हीटर, पंखा, शेगडी बहुतेक वेळा त्याच मोजक्या कंपन्यांची असते. वरच्या पैशात तुम्ही खोका, म्हणजे भिंती, छप्पर आणि सांधे, विकत घेत असता, आणि तो चांगला असेल तरच ते पैसे वसूल. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये बिगफूट आणि नॉर्दर्न लाइट हे फायबरग्लासचे कॅम्पर बनतात. करंजीच्या साच्यासारखे वरचा आणि खालचा असे दोन भाग, मध्ये एक सांधा. कोपऱ्याला जोडच नाही. महाग आहेत, वजनदारही आहेत, पण त्या किमतीचं कारण मला कळतं. सोफ्याचं कळत नाही.

सामान नंतर बदलता येतं, शिवाय स्वस्तही होत जातं. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीला काही वर्षांपूर्वी ९०० डॉलर मोजावे लागत, आता २५०-३०० मध्ये चालण्याजोगी मिळते. तरी डीलरच्या 'पॅकेज'मध्ये जुनाच भाव! टपावरचा एसी घेऊ नका असं मी तरी सांगेन. जंगलात वीज नसते, जनरेटर लावला तर शेजारचा शिव्या घालतो, आणि नव्वदेक पौंड सगळ्यात उंच जागी बसून वळणावर तुम्हाला झोके देतात. पैसे घालायचेच तर ट्रकच्या चासीला बांधणाऱ्या चांगल्या टाय-डाउनवर घाला. चांगल्या संचाला हजाराच्या पुढे जातात. पटत नाही, पण द्या.

कर्जाचंही बोलून टाकते. ५० हजार, ८ टक्के, १५ वर्षं: हप्ता ४७८ डॉलर. ऐकायला सोपा वाटतो. शेवटी ८६ हजार भरलेले असतात, आणि खोका १५ वर्षं टिकला तर टिकला.

आम्ही काय घेतलं? रिकामा पॉप-अप. ॲल्युमिनियमची चौकट, पलंग, दोन दिवे, एक पंखा. बास. वापरलेला, नऊ हजाराला. शेगडी घरचीच, पाणी दोन कॅनमध्ये, फ्रिजऐवजी बर्फाची पेटी. सगळं भरून, तिघं बसून वजनकाट्यावर गेलो आणि आकडा स्टिकरच्या आत ६० पौंडांनी बसला. नवऱ्याला त्यात हीटर बसवायचाय, मी त्याला ते ६० पौंड दाखवते.

टपाच्या कडांचं सीलंट वर्षातून दोनदा तपासावं लागतं, इथला पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो त्याच्या आत एकदा नक्की. बाबा त्याला शाकारणीच म्हणतात. फोनवर आधी तेच विचारतात, मग नातीची चौकशी.

आणि हो, मागच्या डाव्या बाजूचा आमचा जॅक अर्ध्यात अडकतोय. पोर्टलंड-सिअ‍ॅटलकडे कुणाकडे हाताने फिरवायचे जुने जॅक पडून असतील तर मेसेज करा. चारही चालतील, एकही चालेल.